कोलेस्टेरॉल-विचार : शारीरक्रिया, संशोधन आणि वैद्याचा विवेक



रक्तातील स्निग्ध घटकांचा तपासणी-अहवाल हाती घेऊन चिकित्सालयात येणारा रुग्ण आज नित्याचा झाला आहे. त्याच्या मनात बहुधा दोनपैकी एक धारणा पक्की असते. पहिली अशी की कोलेस्टेरॉल हे विषच आहे, ते जितके कमी तितके बरे. दुसरी अशी की कोलेस्टेरॉलची भीती हा औषध कंपन्यांनी उभा केलेला बागुलबुवा आहे, शरीराला ते हवेच असते, म्हणून गोळी बंद केली तरी काही बिघडत नाही. खेदाची गोष्ट ही की दुसरी धारणा पुष्कळदा आपल्याच व्यवसायातील मंडळींच्या मुखातून रुग्णापर्यंत पोचते. दोन्ही धारणांत अर्धे सत्य आहे, आणि चिकित्सेत अर्धे सत्य फार घातक ठरते.

हा विषय मला माझ्याच एका चुकीने शिकवला. २०१३ साली ५२ वर्षे वयाचे एक किराणा व्यापारी माझ्याकडे आले. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयाच्या धमनीत स्टेंट बसवलेला होता. स्टॅटिन वर्गातील गोळीमुळे मांड्या व पोटऱ्या दुखतात, अशी त्यांची तक्रार होती. मी ती गोळी बंद करण्यास सांगितले. गुग्गुळकल्प, त्रिफळा चूर्ण, पथ्याहार आणि सकाळचे चालणे अशी योजना केली. सहा महिन्यांत वजन ५ किलोने उतरले, अग्नी सुधारला, पायांचे दुखणे थांबले. रुग्ण प्रसन्न आणि मीही प्रसन्न. या काळात रक्ततपासणी करून घ्यावी असे मला एकदाही सुचले नाही. आठव्या महिन्यात एका रात्री त्यांना हृदयविकाराचा दुसरा झटका आला. वेळेवर उपचार मिळाल्याने ते वाचले. काही दिवसांनी त्यांच्या पत्नीने मला विचारले, "डॉक्टर, वजन तर चांगलं उतरलं होतं, मग असं कसं झालं?"

गोळी चालू असती तरी झटका आलाच नसता, असे निश्चयाने म्हणता येणार नाही. एका रुग्णावरून सिद्धांत बांधता येत नाही. परंतु त्या माउलीच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते, ही गोष्ट खरी. प्रस्तुत लेख म्हणजे त्या उत्तराचा शोध आहे.

कोलेस्टेरॉल म्हणजे काय?

हा पदार्थ अठराव्या शतकात प्रथम आढळला तो पित्ताश्मरीत. १८१५ च्या सुमारास फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेवरल यांनी त्याला नाव दिले. ग्रीक भाषेत 'खोले' म्हणजे पित्त आणि 'स्टेरिऑस' म्हणजे घन. त्यावरून पित्तातील घन पदार्थ असा अर्थ झाला. पुढे तो अल्कोहोल गटातील आहे हे कळल्यावर नावाला आजचे रूप आले. रासायनिक दृष्ट्या हा स्टेरॉल वर्गातील मेणासारखा स्निग्ध पदार्थ असून तो पाण्यात विरघळत नाही. प्राणिज आहारातच तो लक्षणीय प्रमाणात असतो. वनस्पतिज तेलांत तो जवळजवळ नसतोच. त्यामुळे शेंगदाणा तेलाच्या डब्यावर 'कोलेस्टेरॉलमुक्त' असे छापणे म्हणजे मिठाच्या पुडीवर 'साखरमुक्त' लिहिण्यासारखे आहे.

शरीरातील कार्ये

१) पेशींचे आवरण : प्रत्येक पेशीच्या आवरणात कोलेस्टेरॉल असते. आवरण फार पातळ किंवा फार ताठर होऊ न देण्याचे काम ते करते.

२) मेंदू व मज्जातंतू : मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, परंतु शरीरातील एकूण कोलेस्टेरॉलपैकी सुमारे २० ते २५ टक्के मेंदूत असते. त्यातील बहुतांश मज्जातंतूंच्या मायलिन आवरणात आढळते. मेंदू आपले कोलेस्टेरॉल स्वतःच तयार करतो. रक्तातील कोलेस्टेरॉल त्याला सहसा घ्यावे लागत नाही.

३) पित्ताम्ले : यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्ले तयार करते आणि त्यांच्यामुळे आहारातील स्नेहाचे पचन होते. आतड्यात आलेल्या पित्ताम्लांपैकी सुमारे ९५ टक्के पुन्हा शोषली जाऊन यकृताकडे परततात.

४) अंतःस्राव : कॉर्टिसॉल, अल्डोस्टेरॉन, टेस्टोस्टेरॉन, इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन हे सर्व स्राव कोलेस्टेरॉलपासूनच तयार होतात.

५) ड जीवनसत्त्व : कोलेस्टेरॉलच्या आधीच्या पायरीवरील पदार्थापासून, सूर्यकिरणांच्या साहाय्याने, त्वचेत ड जीवनसत्त्व घडते.

हे द्रव्य किती अत्यावश्यक आहे, याचा पुरावा निसर्गानेच दिला आहे. कोलेस्टेरॉलनिर्मितीच्या शेवटच्या टप्प्यावरील एक विकर जन्मतः सदोष असेल तर स्मिथ-लेम्ली-ऑपिट्झ नावाचा विकार होतो. अशा बालकांत अवयवांची व्यंगे आणि बौद्धिक वाढीतील अडथळे आढळतात. गर्भावस्थेतील रचनेलाही कोलेस्टेरॉल लागते, हे यावरून स्पष्ट होते. म्हणून 'कोलेस्टेरॉल म्हणजे विष' ही पहिली धारणा टिकत नाही.

वाहतूक आणि बिघाड

शरीरातील सुमारे तीन चतुर्थांश कोलेस्टेरॉल शरीर स्वतः बनवते. उरलेले आहारातून येते. ते पाण्यात विरघळत नसल्यामुळे प्रथिनांच्या वेष्टनातील कणांमधून रक्तात वाहून नेले जाते. त्यांपैकी एल.डी.एल. कण यकृताकडून निघालेले कोलेस्टेरॉल रक्तातून सर्वत्र फिरवतात. एच.डी.एल. कण ऊतींतील कोलेस्टेरॉल यकृताकडे परत आणण्यास साहाय्य करतात.

एल.डी.एल. कण संख्येने वाढले की ते धमनीच्या आतील अस्तराखाली शिरून तेथे अडकतात. त्यांना गिळण्यासाठी आलेल्या भक्षक पेशी स्नेहाने भरून फुगतात आणि 'फेसाळ पेशी' बनतात. वर्षानुवर्षे हा संचय वाढत जातो. एखाद्या दिवशी त्यावरचे आवरण फाटते, तेथे रक्ताची गुठळी होते आणि हृदयाचा रक्तपुरवठा खुंटतो. ध्यानात घ्यावयाचे ते हे की धमनीतील हा संचय बाहेरून दिसत नाही, वजनाच्या काट्यावर मोजता येत नाही आणि दीर्घकाळ कोणतेही लक्षण उत्पन्न करीत नाही.

संशोधनाचा प्रवास

१९१३ मध्ये रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथे अनिच्कोव यांनी सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घालून त्यांच्या धमन्यांत संचय उत्पन्न करून दाखवला. ससा शाकाहारी प्राणी असल्याने हा निष्कर्ष माणसाला लागू नाही, असा आक्षेप तेव्हापासून घेतला जातो आणि तो वाजवीही आहे. परंतु पुढील पुरावा सशांवर अवलंबून राहिला नाही.

काही कुटुंबांत जन्मतःच एल.डी.एल. फार वाढलेले असते. दोन्ही पालकांकडून सदोष जनुक आलेल्या मुलांना बालवयातच हृदयविकार होतो. अमेरिकेतील ब्राउन आणि गोल्डस्टाइन यांनी १९७० च्या दशकात यामागील कारण शोधले. पेशींच्या पृष्ठभागावर एल.डी.एल. कण टिपून घेणारे ग्राही असतात आणि या मुलांत ते नसतात किंवा सदोष असतात. या शोधासाठी त्यांना १९८५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या मुलांत इतर कोणतेही कारण नसताना केवळ एल.डी.एल. वाढल्याने धमन्या बंद होतात, ही गोष्ट कारण-कार्य संबंध दाखवणारी आहे.

त्याच दशकात जपानमध्ये अकिरा एंडो यांनी बुरशीपासून पहिले स्टॅटिन द्रव्य वेगळे केले. स्टॅटिन यकृतातील कोलेस्टेरॉलनिर्मिती मंदावते. त्यामुळे यकृत आपल्या पृष्ठभागावरील ग्राही वाढवते आणि रक्तातील एल.डी.एल. अधिक प्रमाणात ओढून घेते. १९९४ मध्ये स्कँडिनेव्हियन देशांतील ४,४४४ हृद्रोग्यांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. सुमारे साडेपाच वर्षांत निष्प्रभ गोळी घेणाऱ्यांपैकी २५६, तर सिमव्हास्टॅटिन घेणाऱ्यांपैकी १८२ रुग्ण मृत्यू पावले. दोन्ही गटांतील रुग्णसंख्या जवळजवळ सारखीच होती. पुढे अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात असे आढळले की एल.डी.एल. सुमारे ३९ मि.ग्रॅ.ने उतरवले तर हृदय व मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे गंभीर विकार सुमारे एक पंचमांशाने घटतात.

आता शेवटचा प्रश्न उरतो. शरीराला कोलेस्टेरॉल आवश्यक आहे, तर रक्तातील एल.डी.एल. फार उतरवल्यास अपाय होणार नाही का? याचेही उत्तर निसर्गाने दिले आहे. पी.सी.एस.के.९ हे प्रथिन एल.डी.एल.च्या ग्राहींचा नाश घडवून आणते. काही व्यक्तींत या प्रथिनाचे जनुक जन्मतः निष्क्रिय असते. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अमेरिकेतील अशा कृष्णवर्णीय व्यक्तींचे एल.डी.एल. सरासरी २८ टक्के कमी, तर हृदयधमनीविकाराचे प्रमाण ८८ टक्के कमी आढळले. त्याच वर्षी, दोन्ही जनुके निष्क्रिय असलेल्या एका निरोगी स्त्रीची नोंद झाली, तिचे एल.डी.एल. केवळ १४ मि.ग्रॅ. होते. पेशी आपल्या गरजेपुरते कोलेस्टेरॉल स्वतः बनवू शकतात. म्हणून पेशींतील कोलेस्टेरॉलची आवश्यकता सांगून रक्तातील वाढलेल्या एल.डी.एल.चे समर्थन करता येत नाही. दुसरी धारणा येथे गळून पडते.

एच.डी.एल.ला सरसकट 'चांगले' म्हणण्यातही सावधगिरी हवी. टॉर्सेट्रॅपिब नावाच्या औषधाने एच.डी.एल. पुष्कळ वाढले, परंतु मृत्यूही वाढल्याने २००६ मध्ये तो अभ्यास थांबवावा लागला.

मेद धातू आणि कोलेस्टेरॉल

आपल्या व्याख्यानांतून 'कोलेस्टेरॉल म्हणजे मेद' असे समीकरण सहज मांडले जाते. सुश्रुतांनी मेदाची कर्मे स्नेह, स्वेद, दृढत्व आणि अस्थिपुष्टी अशी सांगितली आहेत. पेशी-आवरण आणि ड जीवनसत्त्व यांच्याशी त्यांचे साम्य पाहून मोह होणे स्वाभाविक आहे. परंतु समीकरण पुढे नेले की ते मोडते. कोलेस्टेरॉलचा सर्वाधिक साठा मेंदूत, म्हणजे आपल्या परिभाषेत मज्जेच्या प्रांतात आहे; पुरुष व स्त्री-बीजाशी संबंधित स्राव त्यापासून बनतात; पित्तात ते आहे. हे एकाच धातूचे द्रव्य नव्हे. उलट कृश व्यक्तीतही एल.डी.एल. फार वाढलेले असू शकते, आणि स्थूल व्यक्तीचे वजन उतरल्यावर ते अल्पच उतरते.

येथेच मला त्या माउलीच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. मी मेदोवृद्धी मोजत होतो आणि तिच्यात यश मिळवत होतो. धमनीतील संचय ही वेगळी गोष्ट होती आणि तिचे माप मी घेतलेच नव्हते. झटक्याच्या रात्री रुग्णालयात दाखल होताच काढलेला अहवाल असा होता : एकूण कोलेस्टेरॉल २३२, एच.डी.एल. ३८, ट्रायग्लिसराइड १९०. ट्रायग्लिसराइडला ५ ने भागून ३८ येतात. २३२ मधून ३८ आणि पुन्हा ३८ वजा केले की एल.डी.एल. १५६ येते. भारतीय हृद्रोगतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने, २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेनुसार अशा अतिजोखमीच्या रुग्णात ते ५५ पेक्षा कमी असावे. (ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर असल्यास ही आकडेमोड ग्राह्य नाही.)

चरकांनी कफज नानात्मज विकारांत धमनीप्रतिचय सांगितला आहे. या विषयाचे बीज मला त्या संज्ञेत अधिक दिसते. तथापि तेही समीकरण न मानता चिंतनाची दिशा मानावी.

गुग्गुळाचा धडा

१९६६ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात जी. व्ही. सत्यवती यांनी सुश्रुतांच्या मेदोरोगवर्णनाच्या आधारे गुग्गुळावर संशोधन केले. त्यातून पुढे प्रमाणित गुग्गुळसत्त्व तयार झाले आणि भारतीय अभ्यासांत त्याचे अनुकूल परिणाम नोंदवले गेले. ही आपल्या शास्त्राला अभिमानास्पद वाटचाल आहे. परंतु २००३ मध्ये पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातील अभ्यासात १०३ व्यक्तींना ८ आठवडे हे सत्त्व किंवा निष्प्रभ गोळी देण्यात आली. निष्प्रभ गोळीच्या गटात एल.डी.एल. ५ टक्के उतरले, तर गुग्गुळसत्त्वाच्या दोन गटांत ते ४ ते ५ टक्के वाढले. काहींच्या त्वचेवर पुरळही उठले.

यावर आपल्याकडून आक्षेप घेतले गेले : सत्त्व म्हणजे संपूर्ण द्रव्य नव्हे, शोधन नाही, अनुपान नाही, प्रकृतीचा विचार नाही, काळ अल्प. हे आक्षेप विचारार्ह आहेत. पण आक्षेप म्हणजे पुरावा नव्हे. शोधित गुग्गुळाचा शास्त्रोक्त कल्प एल.डी.एल. उतरवतो असे आपले म्हणणे असेल, तर तसा तुलनात्मक अभ्यास आपणच केला पाहिजे. तोवर स्टॅटिनचा पर्याय म्हणून तो देता येणार नाही. वातव्याधी व संधिविकारांतील गुग्गुळाच्या उपयोगाला या अभ्यासाने बाध येत नाही, हेही तितकेच खरे.

चिकित्सकांसाठी व्यवहार-सूत्रे

१) हृदयविकार, पक्षाघात वा स्टेंट असलेल्या रुग्णाचे स्टॅटिन परस्पर बंद करू नये. स्नायुदुखीची तक्रार असल्यास मूळ चिकित्सकाशी बोलून मात्रा वा औषध बदलता येते. तीव्र दुखणे, अशक्तता किंवा गडद लघवी असल्यास मात्र तातडीने पाठवावे.

२) २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० व्यक्तींना आलटून पालटून स्टॅटिन आणि निष्प्रभ गोळी दिली. त्रासाचा सुमारे ९० टक्के भाग निष्प्रभ गोळीनेही झाला. हे समजावून सांगितल्यावर निम्म्या व्यक्तींनी औषध पुन्हा सुरू केले. रुग्णाला वेळ देऊन समजावणे हे आपले बलस्थान आहे. ते येथे वापरावे.

३) दर्शन व स्पर्शन सोडू नये. टाचेवरील शिरेत गाठ किंवा जाडी, तरुण वयात बुबुळाभोवती पांढरट कडे, एल.डी.एल. १९० च्या वर, कुटुंबात अल्पवयात हृदयविकार, ही आनुवंशिक विकाराची चिन्हे होत. अशा वेळी भावंडे व मुले यांचीही तपासणी सुचवावी.

४) थायरॉइडची न्यूनता, वृक्कविकार व पित्तमार्गातील अवरोध यांतही कोलेस्टेरॉल वाढते. प्रथम तेथे पाहावे.

५) स्नेहपान चालू असताना काढलेल्या अहवालावरून निर्णय करू नये.

६) आहारात आपले काम मोठे आहे. चरकांनी अतिस्थौल्यात यव सांगितले आहेत. यवातील बीटा-ग्लुकन हा विद्राव्य तंतू दिवसाला ३ ग्रॅम मिळाला तर एल.डी.एल. काही प्रमाणात उतरते, हे आज सिद्ध आहे. इसबगोलही पित्ताम्ले बांधून मलावाटे नेतो. त्यांची भरपाई करण्यासाठी यकृताला कोलेस्टेरॉल खर्चावे लागते. आहारातील कोलेस्टेरॉलपेक्षा संपृक्त स्नेहाचा परिणाम अधिक असतो, म्हणून एल.डी.एल. वाढलेल्या रुग्णात तूप, लोणी, खोबरेल यांची मात्रा मोजून सांगावी. अग्नी व व्यायाम पाहूनच स्नेहाची मात्रा ठरवावी, हे आपले शास्त्रही सांगतेच.

७) वनस्पती तुपातील ट्रान्स-स्नेह सर्वथा वर्ज्य समजावा. आपल्या देशात २०२२ पासून खाद्य तेल-तुपात त्याची मर्यादा २ टक्के आहे. तथापि तेच तेल पुनःपुन्हा तापवण्याची सवय मोडायला हवी.

औषधनिर्मात्यांसाठी

१) धमनीकाठिण्य, हृद्रोग व स्थौल्य बरे करण्याचा दावा करणारी जाहिरात १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय कायद्याने निषिद्ध आहे. 'कोलेस्टेरॉलची गोळी सोडा' असे सुचवणारे पत्रक तर रुग्णाच्या जिवावर बेतू शकते.

२) लाल यीस्ट तांदळातील मोनॅकोलिन-के म्हणजे रासायनिक दृष्ट्या लोव्हास्टॅटिनच. ते 'नैसर्गिक' म्हणून कल्पात मिसळले आणि रुग्ण आधीच स्टॅटिन घेत असला, तर दुहेरी मात्रा होते. २०२४ मध्ये जपानमध्ये अशाच पूरक आहारात बुरशीजन्य विषारी घटक शिरल्याने वृक्कविकाराचे अनेक रुग्ण आढळले आणि तो माल परत मागवावा लागला.

३) गुग्गुळासोबत प्रोप्रॅनोलॉल व डिल्टियाझेम यांचे शोषण घटते, तर मिरी-पिंपळीतील पायपरीन काही औषधांचे शोषण वाढवते. वेष्टनावर 'इतर औषधे चालू असल्यास वैद्यांना सांगावे' ही सूचना ठळक असावी.

४) गुग्गुळाचे झाड आज अतिसंकटग्रस्त वनस्पतींत गणले जाते. निराधार दाव्यांसाठी त्याचा अपव्यय होऊ नये.

उपसंहार

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीत सुमारे ८१ टक्के प्रौढांच्या रक्तातील स्नेहांत काही ना काही बिघाड आढळला. त्यांपैकी पुष्कळजण आपल्या दाराशी येणार आहेत. धातू योग्य प्रमाणात देह धारण करतो आणि वाढला की व्याधी निर्माण करतो, हे आपण प्रथम वर्षातच शिकतो. कोलेस्टेरॉलला हाच न्याय लावावा : ते शरीराला आवश्यक आहे आणि रक्तात वाढलेले एल.डी.एल. धमनीला घातक आहे. दोन्ही वाक्ये एकाच वेळी खरी आहेत आणि रुग्णाला ती एकत्रच सांगितली पाहिजेत.

ते व्यापारी गृहस्थ आजही माझ्याकडे येतात. हृद्रोगतज्ज्ञांची गोळी, माझा आहारविचार आणि दर सहा महिन्यांनी रक्ताचा अहवाल, असा आमचा क्रम आहे. मी अजूनही त्यांचे वजन करतो. पण अहवाल पाहिल्याशिवाय आता 'उत्तम' म्हणत नाही.